विश्लेषण : गोल्फचा 'हँडिकॅप' म्हणजे काय, तो कसा मिळतो आणि फणसवाडीतून तो मिळवणं अवघड का आहे?

मुंबईकराच्या कानावर 'हँडिकॅप' हा शब्द पडला की त्याला आधी आठवतो तो लोकलमधला दिव्यांग प्रवाशांचा डबा. गोल्फमध्ये मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरला जातो. तिथे चांगल्यातला चांगला हौशी खेळाडूही 'माझा हँडिकॅप अमुक' असं अभिमानाने सांगतो. हा आकडा म्हणजे त्याच्या खेळाची अधिकृत पत. तो नसेल तर हौशी गोल्फमधल्या बहुतेक अधिकृत स्पर्धांचा अर्जसुद्धा पुढे सरकत नाही.

७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचं पदक अगदी थोडक्यात हुकलं आणि ती चौथी आली. त्या दिवशी गोल्फशी काडीचाही संबंध नसलेली कितीतरी घरं टीव्हीसमोर बसली होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन मानेही खेळला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तर मिश्र सांघिक गोल्फची भर पडणार आहे. समजा, हे सगळं पाहून गिरगावातल्या फणसवाडीत, चाळीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलीने ठरवलं की आपणही गोल्फच्या स्पर्धा खेळायच्या. तर तिला सगळ्यात आधी काय लागेल? महागडी किट नंतर. आधी लागेल हा आकडा. तो काढायचा कसा, त्याचं गणित काय आणि तो मिळवताना नेमकं अडतं कुठे, ते समजून घेऊया.

हँडिकॅप म्हणजे नेमकं काय?

चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळताना एखादा चिमुरडा हट्टाने खेळायला येतो. त्याला 'नाही' म्हणता येत नाही आणि मोठ्यांच्या बॉलिंगपुढे उभंही करता येत नाही. मग त्याला 'कच्चा लिंबू' ठरवतात. तो एकदा आऊट झाला तरी चालतं, त्याला हळू बॉल टाकतात. खेळ सगळ्यांचा एकच, पण कमजोर खेळाडूला थोडी सवलत.

गोल्फचा हँडिकॅप म्हणजे हाच कच्चा लिंबू, फक्त दशांश चिन्हापर्यंत मोजलेला. गोल्फमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत एकामागून एक १८ खड्ड्यांत, म्हणजे 'होल'मध्ये घालायचा असतो. प्रत्येक होलसाठी चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला 'पार' म्हणतात. १८ होलचा पार साधारण ७० ते ७२ असतो. एखाद्याला तेवढ्याच मैदानावर ९५ फटके लागत असतील, तर त्याला ढोबळमानाने २५ फटक्यांची सवलत द्यायची. मग तो आणि ७५ फटक्यांत खेळणारा एकाच स्पर्धेत उतरू शकतात आणि दोघांनाही जिंकण्याची खरी संधी असते. एकूण फटक्यांना 'ग्रॉस' म्हणतात आणि त्यातून सवलत वजा केली की उरतो तो 'नेट' स्कोअर.

आकडा जितका लहान तितका खेळाडू चांगला. शून्य हँडिकॅपवाल्याला 'स्क्रॅच' खेळाडू म्हणतात. नवख्यांसाठी कमाल मर्यादा ५४.० आहे, म्हणजे सरासरी प्रत्येक होलमागे तीन फटक्यांची सवलत.

शब्दाचा उगमही गमतीदार आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. त्यात दोन वस्तूंच्या किमतीतला फरक पंच ठरवायचा आणि पैजेचे पैसे टोपीत टाकायचे. 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात. तिथून हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आजही हँडिकॅप शर्यती होतात. तिथे तगड्या घोड्यावर जास्त वजन लादतात, तर गोल्फमध्ये कमजोर खेळाडूला फटके सोडतात. तत्त्व तेच : लढत बरोबरीची व्हावी. अपंगत्वाशी याचा संबंध नाही. ऐकू न येणारी भारताची गोल्फपटू दीक्षा डागर टोकियो ऑलिम्पिक खेळली. तिच्यासारख्यांनाही गोल्फमध्ये हँडिकॅपचे तेच नियम लागतात, जे इतरांना.

हा आकडा कोण ठरवतं?

पूर्वी जगात हँडिकॅप मोजण्याच्या सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. ब्रिटनची वेगळी, अमेरिकेची वेगळी, ऑस्ट्रेलियाची वेगळी. एका देशातला आकडा दुसऱ्या देशात जसाच्या तसा चालत नसे. २०२० मध्ये ब्रिटनमधली 'आर अँड ए' आणि अमेरिकेची 'यूएसजीए' या दोन प्रमुख संस्थांनी त्या सगळ्यांची मिळून एकच 'वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम' आणली. भारतातही हीच पद्धत चालते. इथे तिची जबाबदारी १९५५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन गोल्फ युनियनकडे, म्हणजे 'आयजीयू'कडे आहे. युनियनशी संलग्न असलेले क्लब प्रत्यक्षात खेळाडूंचे स्कोअर नोंदवतात आणि क्लबची हँडिकॅप समिती त्यावर लक्ष ठेवते.

या पद्धतीत मिळणाऱ्या अधिकृत आकड्याला 'हँडिकॅप इंडेक्स' म्हणतात. तो खेळाडूसोबत जगभर फिरतो. चेंबूरला मिळालेला १४.२ हा इंडेक्स स्कॉटलंडमध्येही १४.२ च असतो.

गणित कसं चालतं?

मुख्य अडचण अशी की प्रत्येक मैदान सारखं नसतं. एका मैदानावरचे ९० फटके दुसऱ्या मैदानावरच्या ९५ पेक्षा वाईट असू शकतात. म्हणून प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात.

पहिला 'कोर्स रेटिंग'. स्क्रॅच खेळाडूला त्या मैदानावर साधारण किती फटके लागावेत, ते यातून कळतं. दुसरा 'स्लोप रेटिंग'. अव्वल खेळाडूच्या मानाने मध्यम खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जातं, ते यातून कळतं. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो. प्रशिक्षित पथक मैदानावर जाऊन लांबी, पाणी, वाळूचे खड्डे, झाडी, चढउतार असं सगळं मोजून हे आकडे ठरवतं.

खेळाडूच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, त्याला ११३ ने गुणायचं आणि स्लोपने भागायचं. येणाऱ्या आकड्याला 'स्कोअर डिफरन्शियल' म्हणतात. ऊन, वारा, पाऊस यांमुळे त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर बिघडले असतील तर थोडी दुरुस्तीही केली जाते.

उदाहरण घेऊ. समजा, एका मैदानाचं कोर्स रेटिंग ६९.०, स्लोप १२० आणि पार ७० आहे. नवखी खेळाडू तिथे तीन राउंड खेळली आणि तिचे स्कोअर आले १०२, ९८ आणि १०५. त्यांचे डिफरन्शियल होतात अनुक्रमे ३१.१, २७.३ आणि ३३.९. फक्त तीनच स्कोअर असतील तर सर्वांत चांगला घ्यायचा आणि त्यातून २.० वजा करायचे, असा नियम आहे. म्हणजे तिचा पहिला इंडेक्स झाला २५.३.

आता त्याच मैदानावर तिची गाठ ६.० इंडेक्स असलेल्या अनुभवी खेळाडूशी पडली. मैदानाचा स्लोप, रेटिंग आणि पार लक्षात घेऊन, तसंच वैयक्तिक स्पर्धेसाठी सुचवलेलं ९५ टक्क्यांचं प्रमाण लावून नवखीला मिळतील २५ फटके आणि अनुभवी खेळाडूला ५. नवखी ९६ फटक्यांत खेळली तर तिचा नेट स्कोअर ७१. अनुभवी खेळाडू ७७ मध्ये खेळली तर तिचा ७२. प्रत्यक्षात १९ फटके जास्त घेऊनही नवखी जिंकली. बॅडमिंटन किंवा बुद्धिबळात सहसा असं घडत नाही. म्हणूनच हँडिकॅपला खेळाच्या जगातली सर्वांत समतावादी कल्पना म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही.

जास्त सवलतीसाठी मुद्दाम वाईट खेळलं तर?

ही शंका पहिल्या दिवसापासून आहे. मुद्दाम खराब स्कोअर नोंदवून हँडिकॅप फुगवणाऱ्याला गोल्फमध्ये 'सँडबॅगर' म्हणतात. त्याला रोखायचे उपाय गणितातच आहेत.

खेळाडूकडे २० स्कोअर जमले की त्यांची सरासरी काढत नाहीत, तर त्यातल्या सर्वोत्तम ८ स्कोअरची सरासरी काढतात. म्हणजे इंडेक्स 'तुम्ही रोज कसे खेळता' हे नाही, तर 'चांगल्या दिवशी कसे खेळू शकता' हे सांगतो. मुद्दाम वाया घालवलेला राउंड बहुतेक वेळा हिशेबातच येत नाही. एखाद्या होलवर कोणी कितीही फटके वाया घालवले तरी हँडिकॅपसाठी पार अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सवलत, इतकेच फटके धरले जातात. पहिला इंडेक्स मिळायच्या आधी ही मर्यादा पार अधिक पाच अशी असते. वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा आकडा ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्म्यावर येते आणि ५ च्या वर तो जाऊच दिला जात नाही. उलट अचानक फारच चांगला स्कोअर आला, तर इंडेक्स लगेच आणखी खाली ओढला जातो.

पण खरी राखण गणिताची नसते, माणसांची असते. हँडिकॅपसाठी एकट्याने खेळलेला राउंड धरत नाहीत, सोबत किमान एक जण लागतो. सहसा तोच 'मार्कर' म्हणून स्कोअर लिहितो आणि कार्डावर सही करतो. क्लबातल्या इतर सदस्यांना कोण कसं खेळतं हे ठाऊक असतं. क्लबांच्या मते हँडिकॅप पद्धतीचा कणा हाच आहे. अडचणीची सुरुवातही इथूनच होते, पण ते पुढे.

पहिला हँडिकॅप मिळवण्यासाठी काय करावं लागतं?

पायऱ्या कागदावर सोप्या आहेत.

१. सराव मैदानावर, म्हणजे 'ड्रायव्हिंग रेंज'वर प्रशिक्षकाकडून मूलभूत खेळ आणि नियम शिकणं.

२. युनियनशी संलग्न असलेल्या क्लबमार्फत हँडिकॅपसाठी नोंदणी करणं. नियमांप्रमाणे इंडेक्स मिळण्यासाठी खेळाडू अधिकृत गोल्फ क्लबचा सदस्य असावा लागतो.

३. एकूण ५४ होलचे स्कोअर सादर करणं. हे १८ होलचे तीन राउंड असू शकतात किंवा ९ होलचे सहा. दोन्ही मिसळलेलेही चालतात. मैदानाला वैध रेटिंग असायला हवं आणि कार्डावर मार्करची सही हवी.

४. समितीने कार्डं तपासली की इंडेक्स मिळतो. नंतर प्रत्येक राउंडचा स्कोअर, चांगला असो वा वाईट, शक्यतो त्याच दिवशी नोंदवायचा.

५. स्पर्धेचा अर्ज भरताना माहितीपत्रक नीट वाचायचं. कमाल इंडेक्स किती चालेल, कोणत्या तारखेचा धरला जाईल, वयोगट कोणता, दाखला कोणाच्या सहीचा लागेल, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असू शकतं.

पालकांनी कुठेही पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. हा क्लब किंवा मैदान आयजीयूशी संलग्न आहे का? मैदानाला वैध कोर्स रेटिंग आणि स्लोप आहे का? आणि आपण घेत असलेल्या सदस्यत्वात किंवा प्रशिक्षणात हँडिकॅपची नोंदणी येते का? यातला तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मग वर्षभर शिकूनही हातात दाखला नसतो.

एकाच आकड्याची दोन कामं

हँडिकॅप दोन वेगळ्या प्रकारच्या स्पर्धांत दोन अगदी उलट कामं करतो.

क्लबच्या रविवारच्या स्पर्धेत तो शिडी असतो. नेट स्कोअरवर निकाल लागतो, त्यामुळे २५ हँडिकॅपवालाही जिंकू शकतो.

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या हौशी स्पर्धांत तो शिडी नसतो, दार असतो. तिथे खेळ स्क्रॅच पद्धतीने होतो, म्हणजे कुणालाही फटक्यांची सवलत नसते. हँडिकॅप बघतात तो फक्त प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी. जागा मर्यादित असतात, म्हणून कमी इंडेक्सवाल्यांना प्राधान्य. अमेरिकेच्या 'यूएस अमॅच्युअर' स्पर्धेचा अर्ज भरायलाच इंडेक्स ०.४ किंवा त्याहून कमी लागतो. भारतातली सर्वांत जुनी हौशी स्पर्धा १८९२ पासून चालत आली आहे. आजची राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद स्पर्धा हा तिचाच वारसा. अशा स्पर्धांतून जागतिक हौशी क्रमवारीचे गुण मिळतात. भारतीय संघाची, परदेशी विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांची आणि पुढे व्यावसायिक गोल्फची वाट इथून जाते.

'हौशी' असण्याचेही नियम आहेत. २०२२ मध्ये ते सोपे झाले. स्क्रॅच स्पर्धेत हौशी खेळाडू ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपर्यंतचं बक्षीस घेऊ शकतो, रोख असलं तरी. हँडिकॅप स्पर्धेत मात्र रोख बक्षीस चालत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आता हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो. सामान्य घरातल्या मुलांसाठी हा बदल मोठा आहे. पण प्रायोजकाला आधी काहीतरी दाखवावं लागतं, आणि दाखवण्यासारखी पहिली गोष्ट पुन्हा तोच आकडा.

मग फणसवाडीतून अडतं कुठे?

अडतं दुसऱ्या पायरीवर, म्हणजे क्लबच्या सदस्यत्वावर.

गिरगावापासून गोल्फ लांब नाही. मुंबईत १८४२ मध्येच गोल्फ क्लब निघाला होता. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, त्याच्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी. तो जुना मुंबई क्लब पुढे टिकला नाही. आज फणसवाडीच्या सर्वांत जवळच्या मैदानांपैकी एक आहे ताडदेव-हाजीअली भागातल्या विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबचं. १९१८ मध्ये सुरू झालेला हा क्लब गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाने ओळखला जातो. युरोपियनांच्या क्लबांत भारतीयांना प्रवेश नव्हता, त्या काळात दोघांनाही दार उघडणारा क्लब म्हणून त्याची ओळख झाली. कुलाब्याला सैन्यदलांशी जोडलेला युनायटेड सर्व्हिसेस क्लब आहे. चेंबूरला १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे.

हे सगळे सदस्यांचे क्लब आहेत. अशा क्लबांत पैसे मोजून आत जाता येतं असंही नाही. आधीच्या सदस्यांची शिफारस लागते, प्रतीक्षा यादी असते आणि काही ठिकाणी नोकरीचा प्रकार बघतात. ज्यांचे आईवडील किंवा आजोबा सदस्य आहेत, त्या मुलांसाठी हँडिकॅप ही तीन राउंडची बाब असते. बाकीच्यांसाठी ती दाराबाहेरची रांग असते.

मुंबई महानगरात सर्वसामान्यांसाठी खुला म्हणता येईल असा पर्याय आहे तो सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानाचा. दिल्लीत डीडीएने २००० मध्ये लाडो सराय इथे कुतुब गोल्फ कोर्स काढला, त्याच धर्तीचा हा प्रयोग. फणसवाडीतून खारघरला जायचं तर आधी सीएसएमटी गाठायचं, तिथून पनवेल लोकल आणि मग रिक्षा. शाळा सांभाळून हे आठवड्यातून एकदा जमू शकतं. पण ज्याच्याबरोबर स्पर्धा करायची, तो मुलगा क्लबच्या मैदानावर रोज संध्याकाळी चेंडू मारत असतो.

तुलना क्रिकेटशी करून बघा. त्यातही पैसा आणि ओळखी लागतात, हे खरंच. पण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल इथे कुणीही पाऊल टाकू शकतं. गिरगावातला मुलगा शाळेकडून हॅरिस शील्ड खेळतो, पुढे कांगा लीगमध्ये एखाद्या क्लबकडून उतरतो. तिथल्या धावा आणि विकेट्स हाच त्याचा दाखला. गोल्फमध्ये कौशल्य आधी आणि दाखला नंतर असं होत नाही. दाखला देणारी व्यवस्था ज्या कुंपणाच्या आत आहे, तिथे आधी शिरावं लागतं.

कॅडींनी कोणता रस्ता काढला?

या कुंपणाला वळसा घालणारेही आहेत. ते म्हणजे कॅडी, खेळाडूची बॅग वाहणारे आणि अंतर, वारा, उतार यांचा अंदाज सांगणारे. मैदान त्यांना सदस्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीत कॅडींनी आणि तिथल्या मुलांनी वाकवलेल्या लोखंडी सळया आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन गल्लीबोळांत, पत्र्यांवरून, गटारांच्या कडेने गोल्फ खेळायला सुरुवात केली. हा 'स्लम गोल्फ' जगभरच्या माध्यमांत गाजला. पण त्या गल्लीला कोर्स रेटिंग नाही, त्यामुळे तिथल्या स्कोअरला हँडिकॅपच्या हिशेबात किंमत नाही.

म्हणून अनेक कॅडी हौशी गोल्फचा टप्पा टाळून थेट व्यावसायिक होण्याचा प्रयत्न करतात. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. बंगळूरजवळ ईगलटन गोल्फ कोर्सच्या शेजारच्या गावात वाढलेल्या एस. चिक्करंगप्पाला मात्र प्रशिक्षक आणि मैदान दोन्हींची साथ मिळाली. तो आधी देशातला अव्वल हौशी खेळाडू झाला आणि मग व्यावसायिक. दोघांमधला फरक गुणवत्तेचा नाही. एकाला हौशी स्पर्धांचं दार उघडलं गेलं, हा आहे.

हौशी टप्पा हुकल्याचं नुकसान काय? एशियन गेम्समध्ये २०१८ पर्यंत फक्त हौशी खेळाडूच खेळू शकत होते. १९८२ मध्ये दिल्लीत लक्ष्मण सिंग आणि २००२ मध्ये बुसानला शिव कपूर यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं ते हौशी म्हणूनच. व्यावसायिकांना तिथे प्रवेश मिळाला तो २०२३ मध्ये झालेल्या हांगझाऊच्या स्पर्धेपासून. म्हणजे पोटासाठी लवकर व्यावसायिक झालेल्या कॅडीसाठी देशाकडून पदक जिंकण्याची ती वाट कितीतरी वर्षं बंद होती.

क्लबांचं म्हणणं काय?

क्लबांची बाजू अगदीच चुकीची नाही. हँडिकॅप विश्वासावर चालतो. ज्याला कुणी ओळखत नाही आणि ज्याचा खेळ कुणी पाहिलेला नाही, त्याचे स्कोअर खरे कशावरून? कमी इंडेक्स दाखवून एखादा राष्ट्रीय स्पर्धेत घुसला आणि ११० फटक्यांत खेळला, तर एका लायक खेळाडूची जागा गेली. शिवाय मैदानाची देखभाल खर्चिक असते, पाणी लागतं, माणसं लागतात. तो खर्च सदस्य उचलतात.

पण यातून 'हँडिकॅप फक्त सदस्यांनाच' असा निष्कर्ष निघतोच असं नाही. विश्वासासाठी ओळखीचा मार्कर आणि जागरूक समिती लागते. या दोन्ही गोष्टी महागड्या क्लबहाउसशिवायही उभ्या करता येतात.

इतर देशांनी काय केलं?

अमेरिकेत बहुसंख्य गोल्फ कोर्स सार्वजनिक आहेत. शिवाय स्वतःचं मैदान नसलेल्या क्लबांनाही तिथे मान्यता मिळू शकते. त्यामुळे न्यू जर्सीत नोकरीला गेलेला मराठी अभियंता नगरपालिकेच्या मैदानावर खेळून, वर्षाची माफक वर्गणी भरून इंडेक्स मिळवू शकतो. त्याच्या मुंबईतल्या चुलतभावाला ते इतकं सोपं नसतं.

इंग्लंडमध्ये परिस्थिती भारतासारखी होती. क्लब नाही तर हँडिकॅप नाही. तिथल्या राष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये 'आय-गोल्फ' नावाची योजना आणली. सुरुवातीला वर्षाला ४० पौंड भरून क्लबबाहेरच्या खेळाडूला अधिकृत इंडेक्स मिळू लागला. सदस्य गळतील या भीतीने काही क्लबांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी स्कॉटलंडनेही अशीच योजना काढली. यात क्लबचं सदस्यत्व मिळत नाही, तिथल्या सोयीही मिळत नाहीत. पण आकडा मिळतो आणि पहिलं दार उघडतं.

मुंबईत काय होऊ शकतं?

शहरात आणखी एक १८ होलचं मैदान काढणं शक्य नाही. जमीनच नाही, आणि असली तरी ती आधी उद्यानांना किंवा घरांना हवी. पण २०२४ मध्ये जागतिक नियमांत झालेला एक बदल मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हँडिकॅपसाठी धरल्या जाणाऱ्या मैदानाची किमान लांबी आता बरीच कमी केली आहे : १८ होलसाठी १,५०० यार्ड आणि ९ होलसाठी ७५० यार्ड. ७५० यार्ड म्हणजे साधारण ६८६ मीटर, तीही नऊ होलमध्ये विभागलेली. मोठ्या मैदानांची लांबी ६,००० यार्डांच्या वर असते, त्यापुढे हे फारच कमी आहे. आता छोट्या, नऊ होलच्या मैदानावरचे स्कोअरही अधिकृत इंडेक्ससाठी चालू शकतात. अट एकच, त्या मैदानाचं रेटिंग झालेलं हवं.

म्हणजे उपाय जमिनीपेक्षा व्यवस्थेचा जास्त आहे. सार्वजनिक मैदानांवर हँडिकॅप समिती असणं, शाळकरी मुलांसाठी फक्त नोंदणीपुरतं स्वस्त सदस्यत्व असणं, सदस्यांच्या क्लबांनी आठवड्यातल्या रिकाम्या सकाळी बाहेरच्या मुलांना मार्करसह ५४ होल खेळू देणं आणि कॅडींच्या खेळाची अधिकृत नोंद ठेवणं. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा नियम लागत नाही. जागतिक पद्धतीत याला जागा आहे.

कच्चा लिंबू ठरलेल्या पोराला चाळीत कुणी 'आधी सदस्य हो' म्हणत नाही. त्याला आधी खेळायला घेतात, सवलत मागाहून ठरते. गोल्फच्या हँडिकॅपमागची मूळ कल्पनाही तीच आहे : कमी-जास्त ताकदीच्या सगळ्यांना एका मैदानावर आणणं. फणसवाडीतल्या त्या मुलीला हवे आहेत फक्त ५४ होल आणि कार्डावर सही करणारा एक मार्कर. तेवढे मिळाले तर ती चांगली आहे की नाही, हे तो आकडाच सांगेल.